‘तोल गेला’ म्हणून मोकळे होऊ नये
सिंधुदुर्गातील बांधकामे, कामगारांची सुरक्षा आणि आपली जबाबदारी

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फूट उंचीचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, त्याचे अनावरण झाले होते. त्याला नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. सुदैवाने त्या वेळी कोणाला प्राणास मुकावे लागले नाही. तरीही सारा महाराष्ट्र हळहळला. गुन्हा नोंदविला गेला, अटका झाल्या, चौकशी समिती नेमली गेली. जोडकाम कसे होते, गंज कशाने चढला, वाऱ्याचा जोर हिशेबात धरला होता काय, असे प्रश्न मालवणच्या बाजारपेठेत मासे विकत घेणारा माणूसही विचारू लागला. पुढे २०२५ मध्ये त्या जागी नवा पुतळा उभा राहिला. या दुःखद घटनेतून सर्वसामान्य माणसाला एक गोष्ट मात्र नीट समजली. बांधलेली वस्तू आपोआप पडत नाही. ती पडते तेव्हा कोणीतरी काहीतरी करावयाचे राहून गेलेले असते.

हाच न्याय आपण काम करणाऱ्या माणसाला लावतो का? एखाद्या वाडीत घराचे काम चालू असताना परांचीवरून गवंडी पडतो. वर्तमानपत्राच्या आतील पानावर दोन ओळी येतात : तोल जाऊन पडल्याने कामगाराचा मृत्यू, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. या दोन ओळींत ‘तोल जाऊन’ हे शब्द फार मोठे काम करतात. ते ऐकणाऱ्याचे समाधान करतात आणि सारा दोष मेलेल्या माणसाच्या पायांवर टाकतात. परांचीला कठडा होता का, उभे राहावयाची फळी एकच होती की तीन होत्या, त्याच्या अंगावर सुरक्षापट्टा होता का, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाही. माणसाचा तोल जाणारच. उन्हात चार तास विटा-चिरे उचलल्यावर तो कोणाचाही जाईल. तोल गेला तरी माणूस वाचावा, अशी व्यवस्था करणे म्हणजेच सुरक्षा.

मोठ्या दुर्घटनांचा धडा

आपल्या शेजारीच, दक्षिण गोव्यात काणकोण येथे ४ जानेवारी २०१४ रोजी दुपारी बांधकाम चालू असलेली ‘रुबी रेसिडेन्सी’ ही इमारत कोसळली. काम करीत असलेले ३१ मजूर ढिगाऱ्याखाली मरण पावले. त्यांतील बहुतेक पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेले होते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळया उचलून बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांचा अंत झाला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण येथे उड्डाणपुलाच्या तुळया व त्या उचलणारे यंत्र खाली आले. तेथे प्राणहानी झाली नाही, पण ती टळली ती केवळ नशिबाने.

आपण ज्या कोकण रेल्वेने मुंबईला ये-जा करतो, तिचे कामही रक्त सांडल्याविना झालेले नाही. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला होईपर्यंत बोगदे खणताना व पूल उभारताना ७४ जणांनी प्राण गमावले आणि त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरीला स्मारक उभारले गेले. गाडी बोगद्यात शिरली की आपण खिडकी लावून घेतो. ज्यांनी तो बोगदा खणला, ते सहसा आपल्या मनात येत नाहीत.

अशा मोठ्या दुर्घटनांची निदान चौकशी तरी होते. सरकार मदत जाहीर करते, ठेकेदाराचे नाव लोकांना कळते. परंतु बांधकामावरील अपघात हे बहुधा एकेकटे येतात. एके ठिकाणी एक माणूस शिडीवरून पडतो, दुसरीकडे एकाला विजेचा धक्का बसतो. एकाच वेळी वीस माणसे मेली की बातमी होते; वीस गावांत एकेक माणूस मेला की ते वीस वेगवेगळ्या घरांचे दुःख राहते.

त्याच त्या चुका

अमेरिकेत व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासन ही शासकीय यंत्रणा १९७१ पासून काम करीत आहे. तिचे निरीक्षक कामाच्या जागी जाऊन नियमभंग नोंदवितात आणि दरवर्षी सर्वाधिक आढळलेल्या दहा नियमभंगांची यादी प्रसिद्ध होते. एका दशकाहून अधिक काळ या यादीत पहिला क्रमांक एकाच गोष्टीचा आहे : उंचीवरून पडण्यापासून संरक्षण नसणे. शिड्या, परांची, यंत्रांची उघडी चाके व पाती, दुरुस्तीच्या वेळी यंत्राचा वीजपुरवठा बंद न करणे, श्वसनाच्या संरक्षणाचा अभाव, घातक रसायनांची माहिती कामगारांना न देणे, हेही त्या यादीत वर्षानुवर्षे असते. सधन देशात, कडक दंड असतानाही हीच स्थिती आहे. ही यादी हातात घेऊन मालवण, वेंगुर्ला, कुडाळ किंवा देवगड तालुक्यातील कोणत्याही वाडीत फिरावे. प्रत्येक ओळीला आपल्याकडे उदाहरण सापडेल.

प्रथम परांची पाहू. बांबू आणि पोफळीचे वासे सुंभाने बांधून आपल्याकडे परांची उभी करतात. कौशल्य असेल तर ती मजबूतही असते. चूक असते ती वरच्या भागात. उभे राहावयास एखादीच फळी, तीही न बांधलेली, आणि मागच्या बाजूस कठडा नाही. गवंडी भिंतीकडे तोंड करून काम करतो; मालाचे घमेले घेण्यासाठी मागे वळतो, तेव्हा त्याच्या पाठीशी काहीच नसते. कमरेच्या उंचीवर एक आडवा बांबू आणि त्याखाली आणखी एक बांधला, फळ्या सलग टाकून बांधून घेतल्या, तर यांतले बहुतेक अपघात टळतील. त्यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. बांबू त्याच आवारात पडलेले असतात.

दुसरा धोका छपराचा. १६ मे २०२१ च्या सुमारास ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा शेकडो घरांची कौले व पत्रे उडाले आणि पाऊस तोंडावर असल्याने दुरुस्तीची एकच घाई उडाली. तशीच घाई, लहान प्रमाणात, दरवर्षी मे महिन्यात असते. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण जुना झाला की माणसाच्या वजनाने पापडासारखा मोडतो. पत्र्यावर थेट पाय ठेवावयाचा नाही. खालच्या वाशांवर भार जाईल अशा रीतीने आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावयाचे, हा साधा नियम आहे. शिडीचेही तसेच. चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात तिचा पाया भिंतीपासून दूर हवा, वरचे टोक चढावयाच्या जागेपेक्षा तीन फूट उंच हवे, आणि ती वर बांधलेली हवी. लोखंडी शिडी किंवा सळई उचलून नेताना डोक्यावरून वीजवाहिनी जाते का, हे आधी पाहावयास हवे.

तिसरी गोष्ट वीज. बांधकामावर तात्पुरती जोडणी घेतली जाते. पुष्कळदा वायरीला प्लगच नसतो. उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काडीने घट्ट केलेल्या असतात. वायर ओल्या मातीतून, कधी डबक्यातून गेलेली असते. पाणी मारणारा कामगार अनवाणी असतो. अशा ठिकाणी तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे यंत्र मुख्य जोडणीवर बसविले, तर धक्का बसलेल्या माणसाचा प्राण बहुधा वाचतो. हे यंत्र आज तालुक्याच्या कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते. घर पूर्ण झाल्यावर आपण ते बसवितोच. काम सुरू होण्यापूर्वी बसविले तर बांधणाऱ्यालाही त्याचा लाभ होईल.

चौथा धोका जमिनीखालचा आहे. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. पाया किंवा नळासाठी खणलेला चर पाच फुटांहून खोल गेला की त्याच्या भिंतींना आधार द्यावा, नाहीतर उतार ठेवावा. उपसलेली माती काठाशीच रचू नये. विहिरीत आणि मलटाकीत धोका दिसतही नाही. विहीर उपसण्यासाठी पेट्रोल वा डिझेलवर चालणारा पंप आत उतरविला, तर त्याचा विषारी धूर तळाशी साचतो. मलटाकीत कुजण्याने घातक वायू तयार होतो. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा घटनांत मदतीला धावलेलेच अधिक दगावतात, हे देशभर वारंवार घडले आहे. सुरक्षासाधनांविना मलटाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तरीही सुट्टीत गाव भरले की टाकी भरते, आणि आपण कोणाला तरी बोलावून घेतो.

खाणी आणि कारखाने

आपल्या जिल्ह्यात प्रचंड कारखाने नाहीत, म्हणून औद्योगिक अपघात हा मुंबईचा प्रश्न आहे असे वाटते. वास्तविक आपली घरे ज्या जांभ्या दगडाने उभी राहतात, तो चिरेखाणीत फिरत्या पात्याच्या यंत्राने कापला जातो. त्या पात्याला झाकण नसते, धुळीपासून नाकातोंडाला संरक्षण नसते आणि काम संपल्यावर खाण तशीच उघडी राहते. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरते, मग ती मुलांना व गुरांना धोक्याची ठरते. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळू काढली जाते. सिलिकाची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्याने सिलिकोसिस होतो. त्या रोगावर बरे करणारे औषध नाही आणि पुष्कळदा तो क्षयरोग समजला जातो.

किनाऱ्यावरील बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया वायू वापरला जातो. त्याची गळती डोळे व फुप्फुसे जाळते. काजूच्या कारखान्यांत आपल्याच माताभगिनी काम करतात. काजूच्या टरफलातील दाहक तेलाने त्यांच्या हातांची साले निघतात आणि त्याला ‘कामाचा भाग’ समजले जाते. आपली जी मुले नोकरीसाठी बाहेर जातात, त्यांचेही हेच. २० मार्च २०२१ रोजी खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन कामगार मरण पावले. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा दहाहून अधिक बळी गेले. डोंबिवलीत आपल्या गावांतील किती कुटुंबे राहतात, हे सांगावयास नको.

कायदा कोठवर पोहोचतो

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून कामगारांचे कल्याण साधावयाचे, अशी त्यात योजना होती. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखाने, खाणी, बांधकामे यांविषयीचे जुने १३ कायदे एकत्र केले आहेत. नेमणूकपत्र, ठराविक कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी अशा काही स्वागतार्ह तरतुदी तिच्यात आहेत.

तथापि आपल्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या बांधकामावर दहापेक्षा कमी कामगार आहेत, किंवा जे स्वतःच्या राहत्या घराचे असून त्याचा एकूण खर्च ५० लाख रुपयांपर्यंत आहे, ते या संहितेच्या ‘बांधकाम’ या व्याख्येतून वगळलेले आहे. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या घरासाठी ही मर्यादा १० लाख रुपये होती. आता आपल्या धर्मग्रामात नजर टाकावी. मुंबईहून किंवा आखाती देशातून पैसे पाठवून बांधलेले घर, पर्यटकांसाठी मागे काढलेल्या दोन खोल्या, कुंपण, विहीर, गोठा : यांतील बहुतेक कामे एक मिस्त्री आणि पाच-सहा माणसांनी होतात. म्हणजे आपल्या भागातील बहुसंख्य बांधकामे संहितेतील बांधकामविषयक तरतुदींच्या बाहेरच राहतात. तेथे निरीक्षक येणार नाही. आला तरी त्याला तपासावयास काही नाही.

लहान घरमालकाला कागदपत्रांचा जाच नको, हा विचार समजण्यासारखा आहे. परंतु दुमजली घराच्या परांचीवरून पडणाऱ्याला ते घर ४० लाखांचे आहे की ४ कोटींचे, याने फरक पडत नाही. कायद्याने जबाबदारी सोडली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती काम देणाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येते.

काम देणाऱ्याचे कर्तव्य

याविषयी पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटा पण विलक्षण नियम आहे. नवीन घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी तेथून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येणार नाही, असा त्याचा आशय आहे. हा नियम कोणाला उद्देशून आहे, हे लक्षात घ्यावे. पडणाऱ्याला सावध राहावयास सांगितलेले नाही. गवंड्यालाही सांगितलेले नाही. घर ज्याचे, त्याला सांगितले आहे. त्यात किती कामगार आणि किती खर्च, अशी अटही नाही.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख लूककृत शुभवर्तमानात आहे. ते इतरांहून अधिक पापी होते म्हणून मेले, हा समज प्रभू येशूने स्पष्टपणे नाकारला. आपणही ‘त्याचे नशीब’ म्हणतो तेव्हा थोडे थांबावयास हवे. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या विश्वपत्रात शरीराला अपाय न करणारी कामाची परिस्थिती हा कामगाराचा हक्क म्हणून सांगितला आहे. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले.

मग प्रत्यक्षात काय करावे? ठेका ठरविताना दर, सिमेंट आणि मुदत यांबरोबर परांचीचा कठडा, शिरस्त्राणे, उंचीवर काम करणाऱ्यासाठी खांदे व मांड्या धरून ठेवणारा पट्टा आणि वीज तोडणारे यंत्र, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात आणि त्यांचे पैसे वेगळे द्यावेत. ‘त्यात सगळे आले’ असे म्हटले की ठेकेदार नफा राखण्यासाठी प्रथम याच गोष्टी गाळतो. पावसापूर्वी स्लॅब पडलाच पाहिजे, असा धोशा लावू नये. रात्री दिव्याच्या उजेडात होणाऱ्या कामाला ती घाईच कारण असते. कामगार परप्रांतीय असतील, तर सूचना त्यांच्या भाषेत समजल्या का, हे विचारावे. कामगारही पुष्कळदा ‘सवय आहे’ म्हणून पट्टा नाकारतो. तेव्हा मालकाने नम्रपणे पण ठामपणे सांगावे की पट्ट्याशिवाय वर चढावयाचे नाही. अनेक घरी स्लॅबच्या दिवशी कामगारांना पोटभर कोंबडी-वडे वाढतात. ही आपुलकी खरी आहे. तीच आपुलकी पहिल्या दिवशी, परांची बांधताना दिसावी.

दुसरे काम कागदाचे आहे. वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचे काम केलेला १८ ते ६० वयाचा कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करू शकतो. कामावर अपघाती मृत्यू आल्यास नोंदणीकृत कामगाराच्या वारसांना ५ लाख रुपयांच्या साहाय्याची मंडळाची योजना आहे. नोंदणी अडते ती बहुधा ९० दिवसांच्या दाखल्यावर. तो मिळवून देण्यास ठेकेदाराला भाग पाडणे किंवा कामगाराबरोबर ग्रामपंचायतीत जाणे, एवढे घरमालक नक्कीच करू शकतो. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेखाली २ लाख रुपयांचा अपघात विमा मिळतो. आपल्या अंगणात काम करणाऱ्या सहा माणसांचा हा विमा १२० रुपयांत होतो.

तिसरी गोष्ट आपल्या संस्थांची. सणापूर्वी चर्चची रंगरंगोटी होते, शिखरावर रोषणाई चढते, मंडप उभारला जातो, शाळेचे छप्पर दुरुस्त होते. ही कामे पुष्कळदा उत्साही तरुण स्वयंसेवक करतात. त्यांच्याकडे ना अनुभव, ना पट्टा. धर्मग्राम समितीने अशा प्रत्येक कामासाठी एका जबाबदार व्यक्तीची नेमणूक करावी आणि त्या व्यक्तीला काम थांबविण्याचा अधिकार द्यावा. चर्चच्या आवारात जे पाहावयास मिळेल, तेच लोक आपल्या घरी करतील.

१ मे हा श्रमिक संत योसेफांचा सण. परमगुरू पायस बारावे यांनी १९५५ मध्ये तो सुरू केला. त्या दिवशी आपण कामगारांसाठी प्रार्थना करतो. नेमके त्याच दिवसांत आपल्या गावोगावी पावसापूर्वीची बांधकामे ऐन भरात असतात. मिस्सा संपवून घरी परतताना वाटेत जे बांधकाम दिसेल, त्याच्या परांचीकडे एकदा मान वर करून पाहावे. कठडा नसेल, तर घर कोणाचे आहे ते आपल्याला ठाऊकच असते. त्याला सांगावे. आणि ते घर आपलेच असेल, तर सोमवारी काम सुरू होण्यापूर्वी दोन बांबू बांधून घ्यावेत.